एका स्कॉच कुळाचे हिंवाळे

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. परंतु ज्या काळांत हे राजे लढत होते, त्याच काळांत लक्षावधि घरांतून रोज संध्याकाळीं चूल पेटत होती, मुलें वाढत होतीं आणि सोळासतरा वर्षांचे मुलगे बापाशीं हुज्जत घालीत होते. या घरांची बखर कोणी लिहिली नाहीं. क्वचित् एखादें घर असें निघतें कीं, त्यांतील एक मुलगा पुढें नांवारूपास येतो, आणि त्याच्या निमित्तानें त्या घरांतील दिवाबत्ती, जेवणखाण, अभ्यास, रुसवेफुगवे हें सर्व कागदावर उतरतें. स्कॉटलंडांतील अशाच एका घराची हकीकत आज मला सांगावयाची आहे. घर अठराव्या शतकांतील एका गरीब कुळाचें आहे, ऋतु हिंवाळ्याचा आहे, आणि घरांत सात मुलें आहेत.

या कुळाचें नांव विल्यम बर्नेस. त्याचा थोरला मुलगा रॉबर्ट म्हणजेच स्कॉटलंडचा सुप्रसिद्ध कवि रॉबर्ट बर्न्स. त्याच्या काव्याविषयीं आज मी फारसें बोलणार नाहीं. मला त्याच्या घरांत डोकवावयाचें आहे. या घराविषयीं चार साक्षीदार बोलतात. पहिला स्वतः रॉबर्ट. त्यानें १७८७ सालीं डॉक्टर मूर नांवाच्या गृहस्थांस एक लांबलचक आत्मचरित्रपर पत्र लिहिलें. दुसरा त्याच्या पाठचा भाऊ गिल्बर्ट, तिसरा या मुलांचा शिक्षक जॉन मर्डॉक, आणि चौथी धाकटी बहीण इझाबेला. प्रत्येकानें आपापल्या परीनें आठवणी सांगितल्या आहेत, आणि त्या सर्वस्वीं एकमेकींशीं जुळत नाहींत, म्हणूनच त्यांवर विश्वास ठेवावासा वाटतो.

विल्यमचा जन्म १७२१ सालचा, स्कॉटलंडच्या ईशान्य भागांतील किंकार्डिनशायर परगण्यांतला. धंद्यानें तो माळी. पोटासाठीं दक्षिणेकडे येऊन तो नैर्ऋत्य किनाऱ्यावरील एअर शहराजवळ ॲलोवे या खेड्यांत स्थायिक झाला. तेथें त्यानें स्वतःच्या हातांनीं मातीच्या भिंती घालून गवतानें शाकारलेलें घर बांधलें आणि १७५७ च्या डिसेंबरांत ॲग्नेस ब्राउन हिच्याशीं लग्न केलें. २५ जानेवारी १७५९ रोजीं रॉबर्ट जन्मला. पुढें नऊदहा दिवसांतच पहांटेच्या अंधारांत असें वादळ झालें कीं, घराची एका अंगाची भिंत ढांसळली आणि बाळबाळंतिणीस तुफानांतून शेजारच्या घरीं न्यावें लागलें. स्कॉटलंडच्या हिंवाळ्याशीं या मुलाची पहिली भेट अशी झाली.

हा हिंवाळा म्हणजे काय हें आपण नीट समजून घेतलें पाहिजे. एअर शहर साडेपंचावन्न अक्षांशावर आहे आणि आपलें पुणें साडेअठरा अक्षांशावर. पुण्यास वर्षांतील सर्वांत लहान दिवस जवळजवळ अकरा तासांचा असतो. एअरला तो अवघा सात तासांचा. डिसेंबरच्या अखेरीस तेथें सूर्य पावणेनऊच्या सुमारास वर येतो आणि चार वाजण्यापूर्वींच मावळतो. एअर हा समुद्रकांठचा प्रदेश, त्यामुळें तेथें बर्फापेक्षां भिजका वारा, पाऊस आणि काळोख यांचाच अंमल अधिक. ऐन हिंवाळ्यांत दिवसाचे सतरा तास अंधार किंवा अंधुक उजेड, आणि घरांत उजेड म्हणून चुलीचा जाळ व एखादी चरबीची मेणबत्ती. अशा काळोखांत सात मुलांना घेऊन बसावयाचें, हा त्या आईबापांपुढें दर वर्षीं येणारा प्रश्न होता.

विल्यमला गांवांतील एका धनिकाच्या बागेंत चाकरी होती. ती सोडून त्यानें १७६६ सालीं जवळच्याच माउंट ऑलिफंट या ठिकाणीं सुमारें सत्तर एकरांची जमीन खंडानें घेतली. खंड पहिलीं सहा वर्षें सालीना चाळीस पौंड, नंतर पंचेचाळीस पौंड. आणि गुरेंढोरें व अवजारें यांसाठीं मालकाकडूनच शंभर पौंड कर्ज. व्यवहारी मनुष्यानें हा सौदा केला नसता. पण त्यामागील कारण रॉबर्टनें आपल्या पत्रांत सांगितलें आहे. बाप मजूर राहिला असता तर मुलांना जरा हातपाय फुटतांच दुसऱ्यांच्या शेतावर गडी म्हणून धाडावें लागलें असतें. त्या देशांत गरिबाघरची तीच रीत होती. बरें आणि वाईट यांतील भेद कळूं लागेपर्यंत आपलीं मुलें आपल्या नजरेखालीं असावींत, एवढ्याच इच्छेनें विल्यमनें ही जमीन अंगावर घेतली. पुढें या घरांत जें चांगलें घडलें आणि जें वाईट घडलें, त्या दोहोंचें मूळ या एका निश्चयांत आहे.

जमीन निकृष्ट निघाली. आपल्या पाहण्यांत लागवडीखालीं असलेली इतकी हलकी जमीन दुसरी नाहीं, असें गिल्बर्ट सांगतो. हिंवाळ्यांत शेत झोंपी गेलें तरी शेतकऱ्यास झोंप नसे. गुरें गोठ्यांत बांधलेलीं, त्यांना वैरण घालावयाची, शेण काढावयाचें, आणि सुगींत सांठविलेलें ओटचें धान्य खळ्याच्या कोठारांत थोडथोडें झोडून काढावयाचें. एका लांब दांडक्यास कातड्यानें दुसरें आंखूड दांडकें बांधलेलें असे. तें डोक्यावरून फिरवून दिवसचे दिवस पेंढ्यांवर हाणावयाचें. हें काम रॉबर्ट तेराव्या वर्षीं करूं लागला. पंधराव्या वर्षीं तो शेतावरचा मुख्य मजूर झाला होता, कारण पगारी गडी ठेवण्याची ऐपत घरांत नव्हती. खाणें म्हणजे ओटच्या पिठाची जाड पेज, कोबीच्या जातीच्या पालेभाजीचें व सातूचें कढण, आणि दूधदुभतें जें असेल तें. खाटकाकडील मांस वर्षानुवर्षें घरांत आलें नाहीं, असें गिल्बर्टनें लिहून ठेवलें आहे. आणि मांसाहारी लोकांच्या त्या थंड मुलुखांत याचा अर्थ काय होतो, हें आपल्या ध्यानांत येईल.

आतां संध्याकाळकडे वळूं. चार वाजतां अंधार पडला, गुरांचें झालें, जेवण उरकलें, म्हणजे विल्यम मेणबत्ती लावून मुलांना गणित शिकवावयास बसे. दिवसभर राबलेला, पन्नाशीच्या घरांत आलेला हा मनुष्य रात्रीं पंतोजी होई. गिल्बर्ट येथें एक वाक्य सहज लिहून जातो, पण तें वाचतांना मन थबकतें: आमच्या दोघी थोरल्या बहिणींना जें काय शिक्षण मिळालें, तें एवढेंच, असें तो म्हणतो. ॲग्नेस १७६२ सालची आणि ॲनाबेला १७६४ सालची. मुलग्यांना थोडी तरी शाळा लाभली. या दोन मुलींची शाळा म्हणजे हिंवाळ्यांतील ती एक मेणबत्ती.

गणिताबरोबर वाचन चाले. बापानें भूगोलाचें एक पुस्तक, सृष्टीच्या रचनेंतून ईश्वराचें ज्ञान सांगणारीं दोनतीन पुस्तकें आणि बायबलाचा एक विस्तृत इतिहास उसने किंवा वर्गणीनें मिळविले होते. घोड्यांना नाल ठोकणाऱ्या लोहाराकडून वॉलेस या स्कॉच वीराचें चरित्र आलें. एकदां आईचा भाऊ एअरच्या बाजारांत हिशेबाचें आणि पत्रलेखनाचें पुस्तक आणावयास गेला. त्याच्या हातीं चुकून नामांकित लेखकांच्या पत्रांचा संग्रह आला. व्यवहारास तो निरुपयोगी. परंतु रॉबर्टनें तो वाचला आणि आपणही असेंच लिहावें, ही ईर्षा त्याच्या मनांत उत्पन्न झाली. या घरीं जेवतांना प्रत्येकाच्या एका हातांत शिंगाचा चमचा आणि दुसऱ्या हातांत पुस्तक असे, असेंही सांगतात. पोरांना जेवतांना पुस्तक वाचूं न देणाऱ्या आपल्या घरांतील मंडळींस हें कितपत आवडेल, कोणास ठाऊक!

पण पुस्तकांहूनही महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. माउंट ऑलिफंट हें शेत एका बाजूस पडलेलें, आसपास बरोबरीचीं मुलें नाहींत, त्यामुळें कित्येक दिवस बाप हाच या मुलांचा सोबती होता. शेतांत काम करतांना तो मोठ्या माणसांशीं बोलावें तसा सर्व विषयांवर मुलांशीं बोले, असें गिल्बर्ट सांगतो. धर्माचीं मूलतत्त्वें मुलांस कळावींत म्हणून त्यानें बाप आणि मुलगा यांच्या संवादाच्या रूपानें एक छोटें पुस्तकही तयार केलें. त्यांत मुलगा प्रश्न विचारतो आणि बाप उत्तर देतो. अठराव्या शतकांतील प्रेस्बिटेरियन स्कॉटलंड हें कडक शिस्तीचें राष्ट्र. तेथें मुलाच्या तोंडीं शंका घालणारा बाप विरळाच असला पाहिजे.

या शिक्षणास बाहेरची जोड थोडी होती. स्कॉटलंडांत १६९६ च्या कायद्यानें प्रत्येक पॅरिशमध्यें शाळा असावी असें ठरलें होतें. कायदा आहे म्हणून शाळा दाराशीं येत नाहीं; म्हणून १७६५ सालीं विल्यम आणि चार शेजारी यांनीं मिळून जॉन मर्डॉक या अठरा वर्षांच्या तरुणास शिक्षक नेमलें. तो पाळीपाळीनें प्रत्येकाच्या घरीं राही. या मास्तरानें पुढें दिलेली एक कबुली मोठी मौजेची आहे. दोघां भावांत गिल्बर्ट अधिक हंसरा व कल्पक; रॉबर्टचा चेहरा गंभीर, कान जड आणि गळा बेसूर. चर्चमधील गाणीं शिकवितांना तो सर्वांच्या मागें राही. या दोघांत कवि कोण होईल असें कोणी विचारलें असतें, तर रॉबर्टचें नांव कोणीच घेतलें नसतें! मुलांविषयीं आम्ही मास्तरमंडळी जीं भाकितें करतों, त्यांची किंमत यावरून समजावी.

१७६८ सालीं मर्डॉक गांव सोडून जाण्यापूर्वीं निरोप घ्यावयास माउंट ऑलिफंटला मुक्कामास आला. भेट म्हणून त्यानें शेक्सपिअरच्या नांवावर असलेलें ‘टायटस अँड्रॉनिकस’ हें नाटक आणलें होतें. रात्रीं तो मोठ्यानें वाचूं लागला. लॅव्हिनियाचे हात तोडल्याचा प्रसंग येतांच सर्व मुलें रडूं लागलीं आणि पुरे करा म्हणून ओरडलीं. बाप म्हणाला, ऐकावयाचें नसेल तर पुस्तक ठेवून घेण्यांत अर्थ नाहीं. त्यावर नऊ वर्षांचा रॉबर्ट म्हणाला, ठेवलें तर मी तें जाळून टाकीन! बाप रागावणार, इतक्यांत मास्तर मध्यें पडला. मनाचा हा हळवेपणा आपणांस आवडतो, असें सांगून त्यानें तें नाटक परत घेतलें आणि दुसरें एक सुखान्त नाटक दिलें.

मर्डॉक गेल्यावर शिक्षणाची ओढाताण सुरू झाली. १७७२ च्या उन्हाळ्यांत हस्ताक्षर सुधारावें म्हणून बापानें दोघां भावांस डॅल्रिंपलच्या शाळेंत घातलें; परंतु दोघे एकदम गेले तर शेताचें काय? म्हणून एक आठवडा रॉबर्ट जाई आणि एक आठवडा गिल्बर्ट. पुढच्या वर्षीं रॉबर्टला एअरला मर्डॉककडे तीन आठवडे राहावयास मिळालें; त्यांतही एका आठवड्यानंतर कापणीसाठीं घरीं यावें लागलें. उरलेल्या दोन आठवड्यांत तो फ्रेंच भाषा शिकूं लागला.

बापाच्या मेणबत्तीपलीकडे, चुलीच्या जाळाशीं दुसरी एक शाळा भरत असे. आई ॲग्नेस हिला लिहितां येत नव्हतें, परंतु जुनीं लोकगीतें तिला पुष्कळ येत आणि काम करतांना ती तीं गात असे. तिच्या नात्यांतील बेटी डेव्हिडसन नांवाची एक म्हातारी मुलांच्या लहानपणीं घरांत राही. भुतें, चेटकिणी, पऱ्या आणि अजगर यांच्या गोष्टींचा तिच्यापाशीं एवढा सांठा होता कीं, त्यांचा परिणाम रॉबर्टवर जन्मभर राहिला. मोठेपणींही रात्रीं एकट्यानें जातांना संशयास्पद जागीं आपण चोहोंकडे नजर ठेवून चालतों, असें त्यानें हंसत कबूल केलें आहे. बाप विवेक शिकवी, म्हातारी भूत दाखवी. आणि कवीला दोन्हींचा उपयोग झाला.

सणवार म्हणाल तर नाताळ तेथें पाळीत नसत. प्रेस्बिटेरियन चर्चला तो मान्य नव्हता, आणि स्कॉटलंडांत नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ सालीं सुरू झाली. मुलांचे दिवस दोन. एक ३१ ऑक्टोबरची हॅलोवीनची रात्र आणि दुसरी वर्षाअखेरची. हॅलोवीनला तरुण मुलेंमुली डोळे मिटून परसांतील भाजीचा बुंधा उपटीत. तो सरळ निघाला तर जोडीदार सरळ, वांकडा निघाला तर वांकडा. दोन कठिण कवचीचीं फळें एका मुलाच्या व एका मुलीच्या नांवानें निखाऱ्यांत टाकीत. शेजारीं शेजारीं शांतपणें जळलीं तर संसार सुखाचा, उडून दूर गेलीं तर लग्न मोडलें. रॉबर्टनें १७८५ सालीं या रात्रीवर एक मोठी कविता लिहिली.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, काय हें सुखी कुटुंब! मर्डॉकनेंही तसेंच म्हटलें आहे. युरोपांतील कोणत्याही राजवाड्यापेक्षां त्या मातीच्या घरांत अधिक समाधान होतें, असा त्याचा अभिप्राय. परंतु मास्तर पाहुणा होता. गिल्बर्ट वेगळें सांगतो. वाढत्या वयांतील या अतिश्रमांमुळें रॉबर्टचें डोकें संध्याकाळीं दुखूं लागे. पुढें डोकेदुखीच्या जागीं छातीची धडधड आली, आणि रात्रीं अंथरुणांत जीव गुदमरूं लागे. आपल्या भावाच्या खिन्न स्वभावाचें कारण गिल्बर्ट या श्रमांतच पाहतो. रॉबर्ट १७९६ सालीं सदतिसाव्या वर्षीं वारला. त्यास हृदयविकार होता असें पुष्कळ आधुनिक वैद्यांचें मत आहे. मुलांना परक्याच्या शेतावर राबावें लागूं नये म्हणून बापानें जमीन घेतली, आणि त्याच जमिनीवर थोरला मुलगा पगारी गड्याहून अधिक राबला.

त्यांत १७६९ सालीं उदार जमीनदार वारला आणि कूळ कारभाऱ्याच्या हातीं गेलें. खंड थकला कीं कारभाऱ्याचीं धमकावणीचीं पत्रें येत, आणि तीं वाचून सर्व घर रडत असे. पंधरासोळा वर्षांच्या मुलाच्या मनांत बापाचा हा अपमान कसा रुतला असेल, तें त्याच्या पुढच्या कवितांवरून दिसतें. १७७७ सालीं कुटुंब माउंट ऑलिफंट सोडून लॉकली येथील सुमारें एकशेंतीस एकरांच्या शेतावर गेलें. त्या वेळीं रॉबर्ट अठरा वर्षांचा, गिल्बर्ट सोळा, ॲग्नेस चौदा आणि ॲनाबेला बारा वर्षांची होती.

बापलेकांत तेढ पडली ती याच वयांत. सतराव्या वर्षाच्या सुमारास रॉबर्टनें, चार लोकांत वागण्याची रीतभात यावी म्हणून, गांवच्या नाचशाळेंत जाण्याचें ठरविलें. बापास तें पसंत नव्हतें. मुलगा आज्ञा मोडून गेला. त्या दिवसापासून वडिलांच्या मनांत माझ्याविषयीं एक प्रकारची अढी बसली, असें रॉबर्ट लिहितो. पण गिल्बर्ट म्हणतो कीं, अशी अढी मुळींच नव्हती. नाचाला बापाचा एवढा विरोधही नव्हता. एकाच घरांत, एकाच चुलीशीं बसणाऱ्या दोन भावांनीं एकच गोष्ट अशी निरनिराळी पाहिली. खरें कोणाचें? माझ्या मतें दोघांचेंही. बापाची चिंता थोरल्याला राग म्हणून दिसली, आणि धाकट्याला चिंता म्हणूनच दिसली. २७ डिसेंबर १७८१ रोजीं, आयर्विन येथें जवसाच्या तागाचा धंदा शिकत असतां, रॉबर्टनें वडिलांस जें पत्र लिहिलें तें अत्यंत आदराचें आहे. म्हणजे तेढ होती, पण धागा तुटला नव्हता.

शेवटचा हिंवाळा १७८४ चा. लॉकलीच्या जमीनदाराशीं विल्यमचा खटला चालला होता. जानेवारींत एडिंबरोच्या वरिष्ठ न्यायालयांत तो जिंकला. परंतु पैसा संपला होता आणि क्षयानें शरीरही संपत आलें होतें. १३ फेब्रुवारी रोजीं तो वारला. त्या दिवशींची आठवण बारा वर्षांच्या इझाबेलानें जन्मभर जपली. बाप म्हणाला कीं, घरांतील एका माणसाच्या पुढील वागणुकीविषयीं मला काळजी वाटते. रॉबर्टनें जवळ जाऊन विचारलें, बाबा, तो मीच का? म्हाताऱ्यानें होय म्हटलें. पंचवीस वर्षांचा मुलगा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, आणि त्याच्या गालांवरून अश्रु वाहूं लागले.

पुढें दीड-दोन वर्षांत रॉबर्टनें एका गरीब शेतमजुराच्या घरांतील शनिवारच्या रात्रीवर एक कविता लिहिली. नोव्हेंबरचा गारठा, दुसऱ्यांच्या शेतांवरून आठवड्याची चाकरी करून घरीं परतलेलीं मुलें, मिळालेले पैसे आईबापांच्या हातीं देणारी वयांत आलेली मुलगी, आणि जेवणानंतर बायबल उघडणारा बाप, असें तें चित्र आहे. १७८६ च्या जुलैअखेर किल्मारनॉक येथें छापलेल्या त्याच्या पहिल्या संग्रहांत ती आली आणि घरोघर वाचली गेली. त्यांतील बाप म्हणजे हुबेहूब आमचे वडील, अशी ग्वाही गिल्बर्ट देतो. पण लगेच तो एक दुरुस्ती करतो: आमच्यापैकीं कोणीही दुसऱ्याच्या घरीं चाकरीस नव्हतें. बापानें ज्या एका गोष्टीसाठीं आयुष्य खर्ची घातलें, ती मात्र कवितेंत शिरली नाहीं. भावाच्या एका ओळीमुळें ती आपणांस कळते.

अशा घरांतून एकच कवि निघाला हें खरें. परंतु शिक्षणाची चाड असलेलीं माणसें पुष्कळ निघालीं, आणि त्यांतील कांहीं आपल्याकडेही आलीं. १८२९ सालीं मुंबईस आलेले आणि विल्सन कॉलेजला ज्यांचें नांव आहे ते डॉक्टर जॉन विल्सन हेही स्कॉटलंडच्या लॉडर गांवांतील शेतकरी घराण्यांतले. मुंबईंतील आपल्या आजेपणज्यांना इंग्रजी धुळाक्षरें शिकविणारीं कित्येक माणसें अशाच काळोख्या संध्याकाळींतून वाढलेलीं होतीं.

ॲलोवेचें तें मातीचें घर आज स्मारक म्हणून जतन केलें आहे, आणि दर वर्षीं २५ जानेवारीस, ऐन हिंवाळ्यांत, जगभर बर्न्सच्या नांवानें मेजवान्या होतात. त्या मेजवानींत कवीचें स्मरण होतें, तें योग्यच आहे. इतिहासाच्या वाचकानें मात्र त्याबरोबर आणखी दोन खात्यांची नोंद ठेवावी. जमेच्या बाजूस एक मेणबत्ती, चारदोन उसनीं पुस्तकें आणि मुलांशीं बरोबरीच्या नात्यानें बोलणारा बाप. खर्चाच्या बाजूस त्या मुलाचें हृदय, दोन मुलींचें अपुरें शिक्षण आणि स्वतः विल्यमचा प्राण. हा हिशेब तोट्याचा झाला कीं नफ्याचा, तें विल्यमला मरतेवेळींही कळलें नव्हतें. घरांत वाढतीं मुलें असलेल्या कोणत्या आईबापांना तें वेळेवर कळतें?